निव्वळ घडणावळ

जळगावच्या सराफ बाजारात दागिना घेतला की पावतीवर दोन आकडे येतात. एक सोन्याच्या वजनाचा, दुसरा घडणावळीचा. पुढे कधी नड आली आणि तोच दागिना मोडायला नेला, तर सराफ तो काट्यावर ठेवतो आणि सोन्याचे तेवढे पैसे देतो. कारागिराने त्यावर घातलेले दिवस, ती बारीक जाळी, तो नेमका बसलेला फासा, यांतलं काही काट्यावर दिसत नाही. घडणावळ गेली ती गेली. खानदेशातल्या घराघरांत हा हिशेब बायकांना तोंडपाठ असतो.

म्हणूनच असेल, डिजिटल चित्राला हातच्या चित्राइतका भाव का मिळत नाही असं इथे कुणाला विचारलं, तर उत्तर तयारच असतं. त्यात वजन कुठे आहे? कॅनव्हास नाही, रंग नाही, हातात धरायला काही नाही. नुसती फाइल, आणि फाइल तर हव्या तितक्या निघतात. मला हे उत्तर पटत नाही. पण ते झटकूनही टाकता येत नाही, कारण त्यावर आपल्या गावांतल्या शेकडो पोरांची रोजीरोटी ठरते. या प्रश्नावर जगात काय काय म्हटलं गेलं आणि आपल्या जळगाव-धुळ्याने त्यात न बोलता काय भर घातली, ते एकदा एका जागी मांडून बघायला हवं.

सुरुवात फ्लेक्सच्या दुकानापासून करतो, कारण आपल्याकडे डिजिटल कलेची सगळ्यात मोठी बाजारपेठ तीच आहे. रात्री साडेनऊला वाढदिवसाचा बॅनर हवा असलेली पोरं ऑपरेटरच्या खुर्चीमागे उभी असतात. "भो, दादांचा फोटो अजून मोठा कर. मागे सूर्य टाक. नाव जरा सोनेरी दिसू दे." ऑपरेटर कोरल किंवा फोटोशॉपमध्ये फोटोच्या कडेने एकेक बिंदू टाकत जातो आणि केसांपाशी येऊन सावकाश होतो, कारण कापायला सगळ्यात अवघड केसच. खाली शुभेच्छुकांचे पंधरा-अठरा चेहरे असतात. कुणाचा फोटो भर उन्हातला, कुणाचा लग्नमंडपातल्या पिवळ्या दिव्याखालचा, कुणाचा व्हॉट्सॲपवर फिरून फिरून धूसर झालेला. ते सगळे एकाच उजेडात उभे आहेत असं वाटायला लावायचं. हे काम ज्याने केलं आहे त्यालाच त्यातली मेहनत कळते. तास-दीड तास जातो. मग बिल होतं ते चौरस फुटावर. दहा बाय दहा म्हणजे शंभर फूट, गुणिले दर. डिझाइनिंगचं काय? ते त्यातच आलं.

'त्यातच आलं' या दोन शब्दांत आपल्याकडचा सगळा वाद सामावलेला आहे.

कुणी म्हणेल, पूर्वीचा पेंटर तरी कुठे वेगळा हिशेब करायचा? भिंत तोही चौरस फुटावरच रंगवायचा. खरं आहे. पण पेंटरचं काम रस्त्यावर चालायचं. निळीत बुडवलेली दोरी दोघांनी ताणून धरायची, मधोमध चिमटीत पकडून सोडायची, की चुन्याच्या भिंतीवर सरळ निळी रेघ उठायची. त्या रेघेखाली खडूने अक्षरांचे सांगाडे, मग ऑइल पेंट, आणि शेवटी चपट्या ब्रशने एका दमात ओढलेली शिरोरेषा. शाळेतून घरी जाणारी मुलं दप्तरं खाली ठेवून ते बघत उभी राहायची. मीही त्यांतला एक होतो. आम्हाला त्या माणसाची किंमत कळायला कुणी सांगावं लागलं नाही. त्याचा हात समोर हलत होता. बोर्ड पूर्ण झाला की खालच्या उजव्या कोपऱ्यात तो बारीक अक्षरांत स्वतःचं नाव टाकायचा, आणि गावाला चांगला पेंटर कोण ते त्या कोपऱ्यावरून कळायचं. आजच्या फ्लेक्सवर त्याच कोपऱ्यात छपाई करणाऱ्या दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबर असतो. डिझाइन करणाऱ्याचं नाव कुठेच नसतं.

बघितलेल्या मेहनतीला आपण जास्त भाव देतो, ही गोष्ट मानसशास्त्रज्ञांनी मोजून पाहिली आहे. अमेरिकेत जस्टिन क्रूगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकच चित्र दाखवून काहींना सांगितलं की चित्रकाराला ४ तास लागले, काहींना सांगितलं २६ तास. चित्र तेच, पण २६ तास ऐकलेल्यांना ते जास्त चांगलंही वाटलं आणि जास्त किमतीचंही. पुढे २०१२ मध्ये जॉर्ज न्यूमन आणि पॉल ब्लूम यांनी मूळ आणि नक्कल यांचा प्रश्न घेतला. हुबेहूब दुसरी प्रत निघाली तर चित्राची किंमत लोकांच्या मनात झपकन उतरते, मोटारीसारख्या वस्तूची तशी उतरत नाही, असं त्यांना आढळलं. त्यांनी दोन कारणं दिली. मूळ चित्र म्हणजे एकदाच घडलेली कृती, आणि त्याला कलावंताचा प्रत्यक्ष हात लागलेला असतो.

तिसरा अभ्यास मला जास्त जवळचा वाटतो. ओझगुन अतासॉय आणि कॅरी मोरवेज यांनी तो २०१८ साली मांडला. बोस्टनमधल्या ओल्ड नॉर्थ चर्चपाशी ऐतिहासिक वेशातल्या नटासोबत पर्यटकांचे फोटो काढले. कुणाला हातात छापील फोटो दिला, कुणाला तोच फोटो फाइल म्हणून, आणि म्हटलं, वाटेल ते द्या. छापील फोटोला लोकांनी जास्त पैसे दिले. अभ्यासकांचं म्हणणं असं की हातात धरता येणारी वस्तू आपली वाटते, फाइल तितकी आपली वाटत नाही. आपल्याकडे कुणी पेन्सिलने पोर्ट्रेट काढलं तर बघणारा विचारतो, "किती वेळ लागला?" तेच कुणी टॅबवर काढलं तर विचारतो, "ॲप कोणतं?" तिन्ही अभ्यासांतलं बरंचसं या दोन प्रश्नांत येऊन जातं.

तरी बाजार कधी कधी उलटा पळतो. मार्च २०२१ मध्ये ख्रिस्तीज या लिलावसंस्थेने बीपल या अमेरिकी कलावंताचं, रोज एक याप्रमाणे केलेल्या पाच हजार डिजिटल चित्रांचं एकत्र काम एनएफटीच्या, म्हणजे फाइलच्या मालकीच्या डिजिटल दाखल्याच्या, रूपात विकलं. किंमत आली ६ कोटी ९३ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने ५०० कोटी रुपयांच्या आसपास. त्याच महिन्यात आपल्याकडे सॅफ्रनआर्टच्या लिलावात वासुदेव गायतोंडे यांचं १९६१ सालचं तैलचित्र ३९ कोटी ९८ लाखांना गेलं आणि भारतीय चित्रांचा त्या वेळचा विक्रम झाला. नागपूरला जन्मलेल्या, जे.जे.मध्ये शिकलेल्या, आयुष्यभर मोजकंच काम केलेल्या गायतोंड्यांच्या कॅनव्हासच्या बारापटीहून जास्त भाव एका फाइलला! पुढच्या वर्षभरातच एनएफटीचा बाजार कोसळला. लोक म्हणाले, बघा, फुगा होता. फुगा होताच. पण त्या फुग्यात लोक चित्र विकतच घेत नव्हते. चित्र तर सगळ्यांना फुकट दिसत होतं. ते 'मूळ प्रत माझ्याकडे आहे' एवढं वाक्य विकत घेत होते. फाइलला वजन नाही, तर तिला खोटं वजन लावून बघण्याचा तो उद्योग होता.

आणि गायतोंड्यांच्या चित्रात तरी वजन किती? कापड, तेल, रंग, लाकडी चौकट मिळून काही हजार रुपये. उरलेली सगळी रक्कम घडणावळीची. सराफाच्या काट्यावर ठेवलं तर जगातलं प्रत्येक थोर चित्र मातीमोल आहे. डिजिटल चित्रात वजन नाही म्हणून त्याला किंमत नाही, हा युक्तिवाद मला इथेच मोडलेला दिसतो. कलेत आपण नेहमीच घडणावळीचे पैसे मोजत आलो. फरक इतकाच की एका ठिकाणी ती घडण दिसते, दुसऱ्या ठिकाणी ती पडद्यामागे राहते.

यंत्राने केलेल्या चित्राला कला म्हणायचं का, या प्रश्नाचा एक पूर्ण फेरा आपल्याच जिल्ह्यात होऊन गेला आहे. चाळीसगावला, रेल्वे स्टेशनजवळच्या एका घरात. कैखुशरू ऊर्फ केकी मूस मुंबईत १९१२ साली जन्मले, इंग्लंडला जाऊन कला शिकून आले आणि चाळीसगावच्या त्या घरात राहिले ते १९८९ च्या ३१ डिसेंबरला मरेपर्यंत. घराला नाव दिलं 'रेम्ब्राँज रिट्रीट'. त्यांच्याभोवतीची निलोफरची आणि पंजाब मेलची प्रेमकथा चाळीसगावात लहान मुलालाही ठाऊक आहे. ती इतक्यांदा सांगितली जाते की त्या माणसाचं काम तिच्याआड झाकलं जातं, म्हणून ती इथे बाजूला ठेवतो.

मूस चित्रं काढत, शिल्पं करत, कागदाच्या घड्यांची कला त्यांना येत होती, सतार वाजवत. पण त्यांचं नाव झालं टेबलटॉप फोटोग्राफीमुळे. टेबलावर घरातल्याच छोट्या वस्तू मांडायच्या, त्यांवर दिव्याचा उजेड आणि सावली अशी पाडायची की फोटोत ते एक अख्खं ठिकाण वाटावं. घराबाहेर फारसा न पडणारा माणूस टेबलाच्या चार कडांच्या आत प्रदेश उभे करत होता. बघणारा फसतो, मग ते टेबल आहे हे कळतं आणि तो पुन्हा बघतो. दुसऱ्यांदा बघताना त्याला चित्राबरोबर ते मांडणाराही दिसतो.

शार्ल बोदलेअरने १८५९ सालीच फोटोग्राफीवर कडाडून हल्ला केला होता. तिने कलेची दासी म्हणून राहावं असं त्याचं म्हणणं. बटण दाबलं की चित्र, यात कसली कला, हा आक्षेप पुढे शंभर वर्षं टिकला. आज टॅबवर चित्र काढणाऱ्या मुलीला जे ऐकावं लागतं ते शब्दाला शब्द हेच आहे. आणि आज त्या घरात, जिथे आता संग्रहालय आहे, लोक मूस यांच्या फोटोंसमोर तैलचित्रासमोर राहावं तसे गप्प उभे राहतात. निगेटिव्हवरून शंभर प्रती निघू शकतात हे माहीत असूनही कुणी म्हणत नाही की याला काय किंमत. यंत्र तेच राहिलं. लोकांना त्यामागचं टेबल कळलं, दिवा कळला, वाट बघणं कळलं. एका माणसाने आयुष्य घातलं हे कळलं. डिजिटल कलेला हे व्हायला शंभर वर्षं लागू नयेत अशी माझी इच्छा आहे. पण आपोआप होईल असं मला वाटत नाही.

हातच्या चित्राचा मोठेपणा आणि त्याचा धोका, दोन्ही बघायचे तर अजिंठ्याकडे वळावं लागतं. लेणी शेजारच्या जिल्ह्यात आहेत, पण आगगाडीने येणारा उतरतो जळगावला नाहीतर भुसावळला. भुसावळच्या जुन्या युरोपियन दफनभूमीत रॉबर्ट गिल पुरलेला आहे. मद्रास फौजेतला हा अधिकारी १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमला गेला. वर्षानुवर्षं अंधाऱ्या लेण्यांत बसून त्याने मोठमोठी तैलचित्रं केली, ती लंडनला पाठवली, आणि १८६६ च्या डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांतली जवळपास सगळी जळाली. त्यानंतर जे.जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. १८७२ ते १८८५ अशी तेरा वर्षं काम चाललं. पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नावाजलेले चित्रकार त्या चमूत होते. त्यांच्याही कितीतरी नकला १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये आगीत गेल्या. दोन पिढ्यांची मेहनत दोनदा राख झाली. हे वाचताना अजूनही पोटात कालवतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. गिलने मध्येच कॅमेराही हाती घेतला होता. त्याने काढलेल्या फोटोंची पुस्तकं १८६४ मध्ये निघाली. ज्याला तो आणि त्याचे वरिष्ठ मुख्य काम मानत होते ते तैलचित्रांचं काम जळालं, आणि दुय्यम म्हणून केलेलं फोटोचं काम वाचलं. वाचलं ते अनेक प्रती होत्या म्हणून. ज्या 'हव्या तितक्या निघतात' या कारणासाठी आपण फाइलला हिणवतो, त्याच गुणाने ते टिकलं. दुसरी बाब त्याहून बोचरी आहे. नक्कल करताना रंग नीट दिसावेत म्हणून मूळ भिंतींवर वॉर्निश फासलं गेलं. ते काळानुसार काळवंडलं आणि त्या दीड-दोन हजार वर्षांच्या रंगांचा त्याने घात केला. प्रेमाने आलेल्या हातांनीच ते केलं. अलीकडे नाशिकचे प्रसाद पवार यांच्यासारख्यांनी अजिंठ्याच्या चित्रांचं छायाचित्रण करून, उडालेले भाग संगणकावर भरून, ती पूर्वी कशी असतील ते दाखवण्याचं काम केलं आहे. उडालेल्या जागी भरलेली रेघ हा अंदाजच असतो, त्यावर तज्ज्ञांनी वाद घालावा. पण पडद्यावरचा अंदाज चुकला तर तो पुसता येतो आणि भिंतीला हात लागत नाही. अशा कामाला 'कॉपी-पेस्ट' म्हणणाऱ्याने एकदा गिलच्या थडग्यापाशी उभं राहून यावं.

धुळ्याचं उदाहरण थोडक्यात सांगतो. धुळ्याजवळच्या गोंदूरला १९२५ साली जन्मलेले राम सुतार तरुणपणी, १९५४ ते १९५८, पुरातत्त्व खात्यात होते आणि अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या डागडुजीचं काम करत होते. दगडावर हात ठेवून शिकलेला माणूस. त्यांच्याच हातून पुढे १८२ मीटर उंचीच्या सरदार पटेलांच्या पुतळ्याचं रूप ठरलं. ३० फुटी प्रतिकृती घडवल्यावर तिचं थ्रीडी स्कॅनिंग झालं, त्यावरून आकार वाढवला गेला आणि ब्राँझचे पत्रे चीनमध्ये ओतून आले. ३१ ऑक्टोबर २०१८ ला पुतळा उघडला तेव्हा याला संगणकाचा पुतळा कुणी म्हटलं नाही, सुतारांचाच म्हटलं. हात आणि संगणक यांची भांडणं मोठ्या कामांत केव्हाच मिटली आहेत. ती उरली आहेत लहान गावातल्या लहान बिलावर.

आणखी एक गोष्ट परंपरेच्या नावाने बोलणाऱ्यांनी आठवावी. श्रावणात आपल्या घरांत जिवतीचा कागद लागतो. तो छापलेला असतो, बाजारात थोड्याशा पैशांत मिळतो, शेजारच्या दहा घरांत तोच असतो. त्याला हळदकुंकू वाहताना कुणाच्या आईने कधी विचारलं नाही की हा हाताने काढलाय का. रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी-सरस्वती याच वाटेने देवघरात आल्या. दाम आणि मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मान द्यायला आपल्या लोकांना मूळ प्रत लागत नाही. बोस्टनच्या अभ्यासात हे आलेलं नाही.

कायदा मात्र अजून हाताच्याच बाजूने आहे, आणि तेही अर्धवट. १९५७ चा कॉपीराइट कायदा फोटोलाही कलाकृती मानतो. त्यात कलागुण असो वा नसो, इतकं स्पष्ट लिहिलेलं आहे. पण याच कायद्यात पुढे जोडलेलं ५३अ कलम चित्र पुन्हा विकलं गेलं तर त्या किमतीत चित्रकाराला वाटा देतं, आणि ते देताना चित्र, शिल्प, रेखाटन आणि मूळ हस्तलिखित एवढीच नावं घेतं. फोटो त्यातून सुटला. सीमाशुल्काच्या दरपत्रकात चित्रांचा जो रकाना आहे त्याची भाषाच 'संपूर्णपणे हाताने केलेली' अशी आहे. टॅबवर पेनाने ओढलेली रेघ हाताचीच की नाही, हे त्या रकान्याला ठाऊक नाही. शाळेत तर त्याहून आधी हे ठरतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं कागद, पेन्सिल, जलरंग घेऊन बसतात, इंटरमिजिएटच्या 'अ' श्रेणीला दहावीत ७ गुण मिळतात, आणि चित्रकला म्हणजे हे, अशी खूणगाठ मनात बसते. ही परीक्षा मला प्रिय आहे, तिने खेड्यातल्या किती मुलांच्या हाती पहिल्यांदा ब्रश दिला. त्यातून तयार झालेलाच हात पुढे फ्लेक्सच्या दुकानात माउस धरतो, हे मात्र तिच्या कुठल्या पत्रिकेत दिसत नाही.

आता या सगळ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेची कडी झाली आहे. २०२२ मध्ये कोलोरॅडोच्या जत्रेत जेसन ॲलनने मिडजर्नीने केलेल्या चित्राला डिजिटल विभागात पहिलं बक्षीस मिळवलं, तेव्हा गदारोळ झाला. मार्च २०२५ मध्ये आपल्याकडेही प्रत्येकाच्या मोबाइलवर स्वतःचा जपानी कार्टूनसारखा चेहरा होता. बॅनरवाल्या पोरांनीही लगेच ते उचललं. गिऱ्हाईक आता म्हणतं, "एआयवर दोन मिनिटांत होतं, पैसे कसले?" इथे मी स्पष्ट बाजू घेतो. वाक्य टाइप करून आलेलं चित्र आणि टॅबवर थर चढवत आठवडाभर काढलेलं चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोघांना 'डिजिटल' या एकाच पोत्यात भरणं हा दुसऱ्यावर अन्याय आहे. फोटोवाला आणि मूस यांना एकाच पोत्यात भरण्याइतकाच. ब्रशवाला आणि पेन-टॅबवाला आज एकाच बाजूला उभे आहेत. दोघांनाही घडणावळच मागायची आहे.

ती मिळवण्याच्या वाटा साध्या आहेत. बिलावर डिझाइनिंगची वेगळी ओळ घालावी, मग ती शंभर रुपयांची का असेना. काम होत असताना त्याचं रेकॉर्डिंग करून गिऱ्हाइकाला दाखवावं, म्हणजे भिंतीसमोर जमणारी ती मुलं पुन्हा जमतील. चांगलं चित्र असेल तर चांगल्या कागदावर मोजक्या प्रती काढून त्यावर सही आणि क्रमांक टाकावा. ठसाचित्रकार हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. आणि कोपऱ्यात नाव टाकावं.

धुळ्याकडे येताना मागच्या पावसाळ्यात हायवेलगतच्या एका खळ्यात मक्याची गंजी दिसली. तिच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स उलथा टाकून दोरीने आवळला होता. पाणी आत जात नाही म्हणून शेतकरी असे फ्लेक्स मागून नेतात. वाऱ्याने एक बाजू उडून परतली होती. चेहरे विटले होते, सोनेरी नाव पांढुरकं झालं होतं. दुकानाच्या नंबराच्या वर, अगदी कडेला, बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'डिझाइन', आणि पुढे एक नाव. गाडी थांबवून उतरलो, चिखलातून पुढे गेलो आणि ते वाचलं.